रिकामी चौकट : इंदापूरची मोजणी, सातबारा आणि वाट पाहणारे पान

१/
सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘इतर अधिकार’ ही चौकट रिकामी असेल, तर त्या जमिनीवर कुणाचा बोजा नोंदलेला नाही, असा तिचा अर्थ होतो. वेबपानावर तीच चौकट रिकामी दिसली, तर तिचा अर्थ कित्येकदा एवढाच असतो की माहिती अजून येऊन पोहोचलेली नाही. हे दोन रिकामेपण एकसारखे दिसतात. त्यांतला फरक पुसून टाकणारी एक पद्धत गेली पंधरा वर्षे प्रगतीच्या नावाखाली मिरवते आहे. हा धागा तिच्याविरुद्ध आहे. त्याची सुरुवात इंदापूर तालुक्यातून होते आणि त्याला सबळ कारण आहे.

२/
स्थळ लोणी देवकर. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे टाकून इंदापूरकडे निघाले की लागणारे गाव. उत्तरेला उजनीच्या जलाशयाचे पसरलेले पाणी, शिवारात ऊस, महामार्गाच्या बाजूला औद्योगिक वसाहत.

समजा, इथला एक शेतकरी पीककर्जाच्या कामासाठी सेवा केंद्रात बसला आहे. केंद्रचालक गट क्रमांक टाकतो. पानाचा साचा क्षणात उमटतो: जिल्हा, तालुका, गाव, रेघा, चौकटी. चौकटींच्या आत मात्र एक गोल फिरत राहतो. “काका, जरा थांबा, सर्व्हर स्लो आहे.” काका थांबतात. कार्यालयाच्या हिशेबाची किंमत रयतेने मोजण्याची या तालुक्याला १८३० पासून सवय आहे.

३/
१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दख्खनचा महसूल कंपनीच्या हाती आला. किती कर घ्यावा, या प्रश्नाचे ‘शास्त्रीय’ उत्तर शोधण्याचे काम आर. के. प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे सोपवले गेले. रिकार्डोच्या खंडसिद्धांताची त्याच्यावर पक्की छाप होती. त्याचे सूत्र असे: प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न काढायचे, त्यातून मशागतीचा खर्च वजा करायचा, जे उरेल ते निव्वळ उत्पन्न, आणि त्याचे ५५ टक्के सरकारचे.

४/
कागदावर याहून निर्दोष काही असू शकत नव्हते. अडचण आकडे येणार कुठून, ही होती. बियाणे, बैल, मजुरी, खत, पिकाचा उतारा, बाजारभाव या प्रत्येकाची नोंद हजारो शेतांसाठी हाताखालच्या कारकुनांकडून यायची होती, आणि ती तपासायला वर कुणी नव्हते. कुठे अंदाज घातले गेले, कुठे लाच चालली, कुठे हलकी जमीन भारी ठरली. तक्ते मात्र पूर्ण भरले. एकही चौकट रिकामी राहिली नाही.

इंदापूरसारख्या अवर्षणाच्या तालुक्यात त्याचा परिणाम काही वर्षांतच दिसला. आकारणी झेपेना, सूट देत देत वसुली चालवावी लागली, जमिनी पड राहिल्या, आणि पुष्कळ रयत शेजारच्या निजामाच्या मुलखात निघून गेली. सिद्धांत साहेबाचा होता. त्याची किंमत रयतेने गाव सोडून मोजली.

५/
१८३५ मध्ये एच. ई. गोल्डस्मिड आणि बॉम्बे इंजिनिअर्सचा लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापुरातच नव्याने काम सुरू केले. प्रिंगलच्या मोजणीतला वापरण्याजोगा भाग त्यांनी दुरुस्त करून ठेवला, निव्वळ उत्पन्नाचे गणित मात्र टाकून दिले. जमिनीची खोली आणि पोत डोळ्यांनी पाहता येतात, हातांनी तपासता येतात. त्यावरून नऊ प्रती पाडल्या. एकंदर आकारणी पूर्वीच्या प्रत्यक्ष वसुलीच्या अनुभवावरून बसवली आणि दर तीस वर्षांसाठी कायम केले. शेताला क्रमांक मिळाला, हद्दीला खूण मिळाली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने हीच रीत मुंबई इलाख्याची रीत ठरवली. आज महाराष्ट्रात सर्व्हे नंबर हा शब्द ज्या अर्थाने उच्चारला जातो, त्या अर्थाचे बाळंतपण इंदापुरात झाले आहे.

६/
इथे कंपनी सरकारच्या आरत्या ओवाळायचे कारण नाही. तीस वर्षांची हमी संपताच १८६७ मध्ये फेरआकारणी झाली, ती पहिल्यांदा इंदापुरातच, आणि तिने कर वाढवला. पुढे कापसाचे भाव कोसळले, कर्ज वाढले, आणि १२ मे १८७५ रोजी आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याच्या बाजारात दंगा उसळला. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, तो त्यांच्या कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून जाळले गेले. कागदावर काय लिहिले आहे आणि तो कागद कुणाच्या हाती आहे, याचे मोल या भागातल्या माणसांना कोणत्याही माहिती-तंत्रज्ञान विभागाच्या आधी कळलेले होते.

७/
तरीही गोल्डस्मिड-विंगेट पद्धतीतली एक गोष्ट आजच्या प्रश्नाला थेट लागू पडते. ती आहे कामाचा क्रम. जड काम आधी, कार्यालयाच्या बाजूला, कार्यालयाच्या खर्चाने पुरे करायचे, आणि रयतेच्या हाती ठरलेला आकडा द्यायचा. हिशेब अर्धवट असताना तो रयतेच्या दारात नेऊन टाकायचा नाही.

कुलकर्ण्याच्या दप्तराचा व्यवहारही याच क्रमावर उभा होता. तिथले पक्षपात, अडवणूक, चिरीमिरी हे सगळे मान्य. १९५० च्या कायद्याने वतन गेले, तलाठी आला, दप्तर तेच राहिले. त्या दप्तरातली रिकामी चौकट मात्र वाचता येत होती, कारण लिहिणे संपल्यावर वही उघडली जाई. वही उघडल्यानंतर अक्षरे एकेक करून येऊन बसत नसत.

८/
आता वेबकडे. १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जे खुले केले ते दस्तऐवजांचे जाळे होते. १९९३ च्या सुमारास सीजीआय आले. मागणी आली की सर्व्हरवर एक प्रोग्रॅम चालायचा, तो माहितीसाठ्यातून हवे ते काढायचा, पूर्ण पान तयार करायचा आणि मग पाठवायचा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा इथल्या ग्राहकाच्या वाट्याला आलेली पाने याच जातीची होती. ती संथ होती, कुरूप होती, अनेकदा येतच नसत. पण पान आले म्हणजे ते पूर्ण असे. सगळे थांबणे पान येण्याच्या आधी संपलेले असे.

९/
या पद्धतीचा खरा दोष असा की चिमूटभर बदलासाठी अख्खे पान पुन्हा मागवावे लागे. त्यावर उतारा निघाला तो ईमेलच्या गरजेतून. मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी बनवलेली एक सोय १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मधून बाहेर आली. पान जागेवर ठेवून मागच्या मागे सर्व्हरशी बोलण्याची ही सोय होती. २००४ चे जीमेल आणि २००५ चे गूगल मॅप्स तिच्यावर उभे राहिले, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या रीतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. नकाशा ओढला की शेजारचा तुकडा येतो, तो येईपर्यंत आधीचा नकाशा डोळ्यांसमोर असतो. हा असिंक्रोनस मागणीचा उत्तम उपयोग आहे आणि त्याविरुद्ध कुणाची तक्रार असू नये.

१०/
तक्रार सुरू होते ती २०१० च्या आसपास, जेव्हा औषधाचेच जेवण झाले. सर्व्हरने पान तयार करायचेच नाही, नुसता पोकळ सांगाडा आणि जावास्क्रिप्टचे गाठोडे पाठवायचे, बाकी सगळे ब्राउझरने पाहून घ्यायचे, अशी फॅशन आली. ट्विटरने सप्टेंबर २०१० मध्ये आपले नवे रूप याच वाटेने नेले. मे २०१२ मध्ये त्याच कंपनीने पान तयार करण्याचे काम पुन्हा सर्व्हरकडे आणले आणि जाहीर केले की सुरुवातीचे पान उघडण्याचा वेळ पूर्वीच्या एकपंचमांशावर आला. पावणेदोन वर्षांत स्वतःच्या निर्णयावर घेतलेला इतका स्पष्ट यू-टर्न या क्षेत्रात विरळा. तो वाचून शहाणे होण्याऐवजी उरलेल्या जगाने पुढची कित्येक वर्षे तीच मूळ चूक पुन्हा केली.

११/
मग परतीचा प्रवास सुरू झाला. २०१३ मध्ये रिअॅक्ट खुले झाले. त्याच वर्षी एअरबीएनबीच्या अभियंत्यांनी एकच जावास्क्रिप्ट सर्व्हरवर आणि ब्राउझरमध्ये चालवण्याचा प्रयोग मांडला. ऑक्टोबर २०१६ मध्ये नेक्स्ट.जेएस आले. ‘सर्व्हर रेंडरिंग’ पुन्हा प्रतिष्ठित झाले.

पण परत आलेली गोष्ट ही पूर्वीची गोष्ट नव्हती, आणि खरा पेच इथेच आहे.

१२/
जुन्या सीजीआयच्या किंवा पीएचपीच्या पानात माहिती मागितली की प्रोग्रॅम तिथेच उभा राही. उत्तर आले की पुढची ओळ. नोड.जेएसमध्ये तसे नाही. माहिती मागितली की हातात एक वचन पडते, उत्तर नंतर येते, आणि तोवर प्रोग्रॅम पुढे निघून जातो. दुसरीकडे, रिअॅक्टचे सर्व्हरवर पान लिहून देणारे मूळ फंक्शन, ‘रेंडर-टू-स्ट्रिंग’, कुणासाठी थांबत नाही. त्या क्षणी हाताशी जे आहे त्याचे पान करते आणि मोकळे होते.

तलाठी कार्यालयात नक्कल लिहायला बसलेला एखादा कारकून कल्पावा, जो दप्तर आणायला गेलेल्या शिपायाची वाट न पाहता कोऱ्या तक्त्यावर शिक्का मारून देतो. शिपाई परततो तेव्हा खिडकी बंद झालेली असते.

१३/
यात आणखी एक मेख आहे. घटक पडद्यावर उतरल्यानंतर माहिती मागवायची, अशी ब्राउझरमधली सवय नवशिक्यांना पहिल्या धड्यातच लावली जाते. ‘पडद्यावर उतरल्यानंतर’चा तो भाग सर्व्हरवर कधी चालतच नाही, कारण तिथे पडदा नाही. मग सर्व्हर इमानदारीने ‘लोड होत आहे’ एवढेच लिहिलेले पान तयार करून पाठवतो. निविदेत लिहिता येते, ‘सर्व्हर-रेंडर्ड’. सादरीकरणात टाळ्या पडतात. लोणी देवकरच्या केंद्रात मात्र गोल फिरतच राहतो. सर्व्हरवरचा खर्चही झाला आणि वाट पाहणेही टळले नाही.

१४/
यावर उपाय माहीत नाहीत असे मुळीच नाही. पहिला आणि सर्वांत साधा उपाय: आधी गोळा करा, मग लिहा. कोणत्या पानाला कोणती माहिती लागते हे त्या पानाच्या पत्त्याजवळच जाहीर करायचे, ती सगळी आल्यावरच लेखणी उचलायची. नेक्स्ट.जेएसने पहिल्यापासून हीच वाट दिली होती.

इथेही एक आळशीपणा सर्रास दिसतो. समजा, पानाला चार गोष्टी हव्यात: नमुना सात, नमुना बारा, प्रलंबित फेरफार, आठ-अचा खाते उतारा. प्रत्येकीला एक सेकंद लागतो. एकीचे उत्तर आल्यावर दुसरी मागितली तर चार सेकंद. चौघी एकदम मागितल्या तर जवळपास एकच. आठ-असाठी खाते क्रमांक लागतो आणि तो नमुना सातमधून मिळतो, म्हणून तेवढी एक मागणी मागे राहील आणि दोन सेकंद होतील. उरलेले दोन सेकंद कुणाच्या तरी निष्काळजीपणाचे, आणि दिवसभरात आलेल्या प्रत्येक माणसाकडून ते वसूल केले जातात.

(पान दोनदा तयार करण्याचीही एक शाळा आहे. पहिल्या फेरीत फक्त मागण्या हुडकायच्या, उत्तरे आल्यावर दुसऱ्या फेरीत खरे पान. चालते. पण काय हवे ते लिहून ठेवायचा कंटाळा म्हणून तीच जमीन दोनदा मोजण्यातला हा प्रकार आहे.)

१५/
गोळा केलेली माहिती पानासोबत बांधून पाठवावी लागते. नाही तर ब्राउझरमधला प्रोग्रॅम जागा होतो, स्वतःकडे काही नाही असे पाहतो आणि तेच प्रश्न सर्व्हरला पुन्हा विचारतो. आलेले पान पुसले जाते, गोल पुन्हा फिरतो. सर्व्हरने लिहिलेले आणि ब्राउझरने लिहिलेले अक्षरशः जुळलेही पाहिजे. सर्व्हरचे घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर असते, भारत त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. ११ तारखेच्या मध्यरात्रीचा ठसा घेऊन साठवलेला फेरफार सर्व्हरच्या हिशेबी १० तारखेच्या सायंकाळी साडेसहाचा ठरतो. पान आधी १० दाखवते, क्षणभराने ११ दाखवते. छापायला सोडले ते कोणत्या क्षणी, यावर तारीख अवलंबून. महसुली कागदात एका दिवसाचा फरक म्हणजे काय, हे ज्याने अपिलाची मुदत मोजली आहे त्याला समजावून सांगायला नको.

१६/
याहून गंभीर धोका सामाईक स्मृतीचा. पीएचपीच्या रीतीत प्रत्येक मागणी कोऱ्या पाटीवर सुरू होते. नोडमध्ये एकच चालू प्रोग्रॅम हजारो माणसांच्या मागण्या हाताळतो. माहिती ठेवायचे भांडे प्रत्येक मागणीसाठी वेगळे काढले नाही, सगळ्यांसाठी एकच ठेवले, तर एका मागणीचे उत्तर येईपर्यंतच्या फटीत दुसरी मागणी तेच भांडे भरून जाते. लोणी देवकरच्या खातेदाराच्या पानावर पळसदेवच्या खातेदाराचे नाव येऊ शकते. घरच्या संगणकावर एकटा माणूस तपासत असताना ही चूक दिसतच नाही. ती गर्दीत दिसते, म्हणजे नेमकी पीकविम्याच्या किंवा कर्जमाफीच्या अर्जांच्या दिवसांत.

प्रिंगलच्या तक्त्यांचा आजार तो हाच. चौकट भरलेली, मजकूर चुकीचा, आणि भरलेली असल्यामुळे शंका घ्यायला कुणी तयार नाही.

१७/
आता प्रतिपक्ष. पहिला आक्षेप वजनदार आहे: सगळे गोळा होईपर्यंत सर्व्हर थांबला तर सर्वांत संथ उत्तर सगळ्या पानाची गती ठरवील, आणि माणसापुढे कोरा पांढरा पडदा राहील. बरोबर. गोल तरी फिरत होता, आता तेही नाही.

याचे उत्तर मात्र आक्षेप घेणाऱ्यांच्या जन्माइतके जुने असू शकेल. पान तुकड्यातुकड्यांनी पाठवण्याची सोय एचटीटीपीच्या १९९७ च्या मसुद्यातच आहे. फेसबुकने २०१० मध्ये ‘बिगपाइप’ या नावाने तिचा मोठ्या प्रमाणावर वापर करून दाखवला. मार्च २०२२ मध्ये रिअॅक्ट १८ ने ती आपल्या चौकटीत आणली. सर्व्हर तयार भाग लगेच धाडतो, जोडणी उघडी ठेवतो, आणि उरलेला भाग तयार झाला की त्याच वाटेने पाठवतो. ब्राउझरला पुन्हा विचारायला यावे लागत नाही. वाट पाहणे राहतेच, पण ते कार्यालयाच्या बाजूला राहते.

१८/
अर्थात हातोडा मिळाला की सगळीकडे खिळे दिसू लागतात. आता प्रत्येक चौकट वेगळ्या तुकड्याने पाठवायची लाट आली आहे, आणि तिचा शेवट पुन्हा त्याच पोकळ सांगाड्यात होतो. काय एकत्र यावे आणि काय मागून आले तरी चालेल, हा निर्णय तंत्राचा नसून कागद वाचणाऱ्याचा आहे. भोगवटादाराचे नाव आणि ‘इतर अधिकार’ वेगवेगळे येता कामा नयेत. नाव दिसते आणि बोजा दिसत नाही, अशी अवस्था दोन सेकंदांपुरतीसुद्धा खोटी आहे. गावाचा नकाशा, सूचना, मदतीचे दुवे खुशाल नंतर यावेत.

तुकड्यांची आणखी एक किंमत असते. पहिला तुकडा निघतानाच ‘सर्व ठीक’ हा संकेत निघून गेलेला असतो. नंतर माहितीसाठा कोसळला तरी तो शब्द मागे घेता येत नाही. म्हणून ज्या माहितीशिवाय पानाला अर्थ नाही, ती हाती आल्याखेरीज पहिले अक्षरही बाहेर पडू नये.

१९/
दुसरा आक्षेप हौशी आहे: आता सगळ्यांकडे चांगले फोन आहेत, ४जी आहे, ब्राउझरने काम केले तर बिघडले काय? बिघडते ते फेऱ्यांच्या संख्येमुळे. पोकळ पान आणण्याची एक फेरी. त्यात सांगितलेले जावास्क्रिप्ट आणण्याची दुसरी. ते चालल्यावर माहिती मागण्याची तिसरी. त्या माहितीतून उगवलेल्या प्रश्नाची चौथी. प्रत्येक फेरी उजनीच्या काठच्या टॉवरपासून माहितीकेंद्रापर्यंत आणि परत. सर्व्हर आणि माहितीसाठा मात्र बहुधा एकाच इमारतीत, अनेकदा एकाच खोलीत असतात. ज्याला चार पावलांवर दप्तर आहे त्याने बसून राहायचे आणि ज्याला गावाहून यायचे आहे त्याने चार हेलपाटे घालायचे. हेलपाटा हा शब्द मराठीला महसूल खात्यानेच शिकवला असावा, आता तो ब्राउझरलाही शिकवला गेला आहे.

२०/
तिसरा आक्षेप सौजन्याचा आव आणतो: फिरता गोल किंवा करड्या पट्ट्या माणसाला धीर देतात. १९९३ मध्ये जेकब नीलसन यांनी प्रतिसादाच्या तीन मर्यादा मांडल्या होत्या. सेकंदाचा दहावा भाग, एक सेकंद, दहा सेकंद. दहाच्या पुढे माणसाचे लक्ष टिकत नाही, त्याला काम कुठवर आले हे सांगावे लागते. गोल हे सांगत नाही. काम चालू असताना तो फिरतो, काम बंद पडल्यावरही फिरतो. धीर देणे आणि गप्प बसवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सरकारी कचेरीत ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे वाक्य यांतल्या कोणत्या गोष्टीसाठी वापरले जाते हे सर्वांना ठाऊक आहे.

२१/
महाराष्ट्रातच या प्रश्नाचे एक फार सुंदर उत्तर देऊन झाले आहे आणि ते जवळजवळ विस्मरणात गेले आहे. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. त्याच्या घोषणा मोठ्या होत्या. प्रत्यक्षात शेतकऱ्यांना हवी होती मुख्यतः कारखान्याशी निगडित माहिती: ऊस किती गेला, वजन किती, हिशेब काय. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरू येथील गटाने सात गावांत संगणकाच्या जागी मोबाईलचा एसएमएस वापरून पाहिला. प्रश्न लिहून पाठवायचा, उत्तर तयार झाले की संदेश यायचा.

एसएमएसइतके असिंक्रोनस दुसरे काय असणार? तरी त्यात रिकामी चौकट नाही. उत्तर येते तेव्हा संपूर्ण येते, येत नाही तेव्हा आले नाही हे निर्विवाद कळते, आणि मधल्या वेळात माणूस आपल्या कामाला जाऊ शकतो. उशीर हा दोष नव्हताच. उशीर लपवणारे पान हा दोष आहे.

२२/
आणि सातबाऱ्याच्याच घरात याचा पुरावा आहे. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. ऑनलाइन नुसता पाहण्यासाठी मिळणारा उतारा माहितीपुरता, कायदेशीर कामासाठी हा सहीचा. डिजिटल सही एका ठरलेल्या मजकुरावर असते. सही झाल्यावर त्यातले एक अक्षर बदलले, एक चौकट मागाहून भरली, तरी पडताळणी फसते. म्हणून सहीपूर्वी दस्तऐवज पुरा करावाच लागतो. म्हणजे जिथे कायद्याने जबाबदारी अंगावर येते, तिथे कार्यालयाच्या बाजूला थांबणे शक्य असते. मग ‘तांत्रिकदृष्ट्या ते अवघड आहे’ हा युक्तिवाद नुसत्या पाहण्याच्या पानांसाठीच का पुढे येतो?

२३/
उलट बाजूची एक खरी अडचण मान्य केली पाहिजे. सर्व्हर अनंतकाळ थांबू शकत नाही. माहितीसाठा अडला आणि प्रत्येक मागणी त्याच्यासाठी उभी राहिली, तर रांग वाढत जाते आणि शेवटी अख्खी व्यवस्था बसते. म्हणून थांबण्याला मुदत हवी: अमुक सेकंद, मग निर्णय. आणि निर्णयासाठी तीन अवस्था लागतात, दोन नव्हेत. आहे. नाही. कळले नाही. बहुतेक प्रोग्रॅम पहिल्या दोनच जाणतात, आणि तिसरी गुपचूप दुसरीत टाकतात. यादी आली नाही म्हणून रिकामी यादी धरायची, ही एक ओळ किती प्रोग्रॅम्समध्ये सापडेल याचा अंदाज या धंद्यातल्या कुणालाही विचारावा. त्या ओळीमुळे बोजा असलेली जमीन पडद्यावर निर्वेध दिसते. पुढे ती कुणी विकत घेते.

२४/
तिसऱ्या अवस्थेचे पान कसे असावे, हे सांगायला संशोधन लागत नाही. सर्व्हरने, ठरलेल्या मुदतीनंतर, शब्दांत लिहावे: “इतर अधिकारांची माहिती या वेळी मिळू शकली नाही. हा उतारा अपूर्ण आहे.” खाली तारीख आणि वेळ, भारतीय प्रमाणवेळेत. सोबत मागणीचा क्रमांक, म्हणजे दुसऱ्या दिवशी गट क्रमांकापासून पुन्हा सुरुवात करावी लागणार नाही. माहिती आली की मोबाईलवर संदेश. आणि अपूर्ण पानावर छपाईची कळ बंद, म्हणजे केंद्रचालकाने घाईत तो कागद काढून हातावर ठेवला आणि बँकेच्या खिडकीवर कुणी त्यातली रिकामी चौकट ‘बोजा नाही’ अशी वाचली, असे घडणार नाही.

लोणी देवकरचे काका तो संदेश आल्यावर येतील. तोवर उसाला पाणी द्यायचे आहे.